मोटारीच्या मांगरातली चूल

मिरगाला अकरा दिवस उरले होते आणि भाईंच्या मोटारीच्या मांगराचं, त्या कौलारू खोपटाचं, छप्पर मधोमध बसलं होतं. पडलं नव्हतं, बसलं होतं. गेल्या पावसात त्याने कसंबसं धरलं, आणि आता वैशाखाच्या उन्हात जरा टेकावं म्हणून खाली आलं ते तिथेच थांबलं. खालून बघितलं तर नळ्यांच्या, म्हणजे नळीच्या कौलांच्या, फटीतून आभाळ दिसायचं, आणि दुपारी बाराला उन्हाचे कवडसे थेट मोटारीच्या टपावर पडायचे.

मोटार म्हणजे कसालहून मालवणला जाणारी सर्व्हिस मोटार. यष्टी आली, परमिट गेलं, त्याला पाच वर्षं होऊन गेली होती. भाईंनी तिची चाकं काढून कोपऱ्यात लावली, तिला चिऱ्यांवर उभी केली आणि परमिट परत मिळेल म्हणून वाट बघत राहिले. गावात हे खरं मानणारी दोनच माणसं. एक भाई स्वतः, आणि दुसरा काशीराम. चौदा वर्षं ती मोटार त्यानेच चालवली होती. तो सरकारी गाडीवरही गेला असता, पण तिथे वय आणि डोळे दोन्ही पाहिले, आणि दोन्ही नापास झाले. तेव्हापासून तो लोकांची घरं शाकारायचा, कुंपणं घालायचा, आणि परगावचं कोणी विचारलंच तर अजूनही 'डायवर' म्हणून सांगायचा. पंचावन्नाव्या वर्षी माणसाला दुसरं काही सांगायचं सुचत नाही.

त्या दिवशी भाईंनी त्याला बोलावून घेतलं. काशीरामने मोटारीच्या मडगार्डावर पाय न देता, बाजूच्या पिंपावर चढून कोयतीचं टोक वाश्यात खुपसलं. ते मुठीपर्यंत आत गेलं आणि भुसा त्याच्या तोंडावर पडला.

"वासे गेले, भाई," तो थुंकून म्हणाला. "वाळयेन खाल्ल्यान. नळे बरे आसत, पण तेंच्या खाली काय ऱ्हवलाच नाय."

"मगे?"

"सगळाच उतरवक होया. आड्यासून."

भाईंनी मोटारीच्या बॉनेटवरचा भुसा धोतराच्या सोग्याने पुसला. "माका बाकी काय सांगा नको. मोटारीर पाण्याचो थेंब पडूक नको. आतली गादी अजून तशीच आसा."

"एकट्यान जमाचा नाय. माझी कंबार..."

"एकट्यान कित्या? गाव आसा मां. घरटी एक मनीस मागूया."

काशीराम खाली उतरला. उतरताना त्याने हात कमरेवर ठेवला होता, पण भाई मोटारीकडे बघत होते.

काशीरामला छपराची काळजी होतीच, पण ती भाईंच्या छपराची नव्हती. तो आणि त्याची बायको सत्यवती धाकट्या भावाच्या, लवूच्या, पडवीत राहत होती. घर बापाचं, पण काशीरामचा जन्म गेला रस्त्यावर, आणि वाटणी मागायला तोंड लागतं, ते त्याला नव्हतं. आता लवूच्या मुलाचं लग्न दिवाळीनंतर ठरलं होतं आणि पावसाआधी पडवीला भिंत घालून खोली काढायची होती. लवूच्या बायकोने, सुभद्राने, सत्यवतीला सांगून टाकलं होतं की मिरगाच्या आधी तुझी चूल इथून हलव. कुठे हलव ते तिने सांगितलं नाही. एकुलती मुलगी तोंडवलीला दिलेली, आणि मुलीच्या सासरी जाऊन राहण्याइतकी लाज अजून सुटली नव्हती.

चैत्रात काशीरामने भाईंकडे एकदा शब्द टाकून पाहिला होता. मांगराची मागची बाजू रिकामीच असते, पावसापुरतं राहू काय? भाई रागावले नव्हते. त्यांनी समजावून सांगितलं होतं. "तुका नाय म्हणूक माका बरां वाटता काय? पण मनीस ऱ्हवलो काय कूळ लागता. कायदोच तसो आसा. मोटार ऱ्हवली तर काय लागणा नाय." काशीरामने मान डोलावली होती. चौदा वर्षांत भाईंच्या बोलण्यावर त्याने मानेखेरीज दुसरं काही हलवलं नव्हतं.

संध्याकाळी दोघं परशुरामच्या खळ्यात गेले. परशुराम गावचा मानकरी. देवळात गावाच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं तोच घालायचा आणि गावाचे हात कुठे लागायचे तेही तोच सांगायचा. तो सुपारी कातरत होता. भाईंचं सगळं बोलणं होईपर्यंत त्याची सुपारी संपली नाही.

"मोटारीक घरटी मनीस?" तो म्हणाला.

"मोटारीक नाय, मांगराक."

"मांगरात कोण ऱ्हवता?"

परशुरामने आणखी एक खाप कातरली.

"भाई, गाव हात देता तो चुलीक. जेच्या छपराखाली चूल पेटता, तेका. आजपासून नाय, आमच्या आज्यापासून. कोणाचो गोठो आसलो तरी मी सांगतंय, गोठ्यातला दूध चुलीर येता म्हणान. तुमची मोटार काय देता?"

खळ्यात बसलेले दोघे-तिघे हसले. भाईंचे कान लाल झाले. एके काळी ह्याच लोकांना मोटारीत जागा मिळावी म्हणून त्यांच्या दारात उभं राहावं लागायचं. ते उठायला निघाले आणि अर्धे उठलेले तसेच थांबले.

"आणि चूल घातली तर?"

परशुरामने अडकित्ता खाली ठेवला. "घातली तर चूल झाली. मगे आमी येतलो."

"झाला मगे. काशीरामाची बायल घालतली. नायतरी गड्यांची पेज थंयच शिजवची लागतली."

"चार दिसांची चूल?" परशुरामने विचारलं. विचारलं भाईंना, पण बघितलं काशीरामकडे. काशीरामने मान खाली घातली.

घरी सत्यवती पडवीत बसून सुकट निवडत होती. काशीरामने सगळं सांगितलं. तिने सुपातलं काही निवडायचं थांबवलं नाही.

"चूल कोणाच्या नावान?" तिने विचारलं.

"नाव कसला? काम होयसर. चार दिस."

"बरां," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच तिने टोप, तवा, दोन मडकी आणि पळी एका टोपलीत भरली. वाकून चुलीचे धोंडे उचलायला गेली तेव्हा सुभद्रा दारात आली.

"धोंडे ठेव गो. ते घराचे आसत."

सत्यवतीने उचललेला धोंडा परत जागेवर ठेवला, हात पदराला पुसले आणि टोपली डोक्यावर घेऊन निघाली. वीस वर्षं तिने त्याच तीन धोंड्यांवर रांधलं होतं. तिला वाईट वाटलं ते धोंड्यांचं नाही, आपण ते उचलायला गेलो आणि कुणीतरी बघितलं, याचं.

मांगरात मोटारीखाली लावून उरलेले चिरे होते. त्यातले तीन तिने मागच्या बाजूला मांडले. खालची जमीन सारवली, चिऱ्यांना हळदकुंकू लावलं आणि विस्तव पेटवला. गाव आलं. घरटी एक म्हणजे बावीस माणसं.

पहिला दिवस नळे उतरवण्यात गेला. वर सहाजण, मधे शिडीवर दोघे, खाली रांग. नळे हातोहात खाली यायचे, त्यांच्या पोटात सालाचं शेवाळ सुकून काळं झालेलं, मधूनच विंचू. कुणी ओरडायचं नाही, नळा उलटा करून विंचू बाजूच्या दगडावर आपटायचा आणि नळा पुढे द्यायचा. ऊन असं होतं की दुपारी नळा हातात धरवत नव्हता. काशीराम वर होता, कारण छप्पर कसं उतरवायचं ते त्यालाच कळत होतं. त्याच्या पाठीवर धुळीचा आणि घामाचा चिखल झाला होता.

भाईंनी मोटारीवर तरटं घातली होती आणि ते तिच्याभोवती फिरत होते.

भाईंच्या बायकोने, आनंदीबाईने, उकडे तांदूळ मापून आणले. सत्यवती ते आधणात सोडेपर्यंत ती तिथेच उभी राहिली, आणि सोडल्यावर रिकामं सूप झटकून घेऊन गेली. सत्यवतीच्या मनात आलं की चौदा वर्षं आपला नवरा ह्यांच्या मोटारीतून गावोगाव फिरला, कधी खिळा घरी आणला नाही. पण हे बोलायचं कुणाशी. तिने पेज ढवळली. पेजेबरोबर भाजलेलं सुकट आणि कांदा दिला. माणसं माडाच्या सावलीत बसून जेवली. सत्यवतीने आणि काशीरामने टोपाच्या बुडाला लागलेली खरवड खाल्ली, कारण शेवटी तेवढीच उरली होती.

दुसऱ्या दिवशी माडाचे नवीन वासे चढायचे होते. एक वासा उचलायला चार माणसं लागत. काशीराम आड्याच्या टोकाला बसून वाशाचं वरचं तोंड ओढून घेत होता. तिसऱ्या वाशाला त्याच्या कमरेत उसण भरली. तो ओरडला नाही, पण पाय सुटला. त्याचा धक्का लागून भिंतीवर राहून गेलेला एक नळा घरंगळला आणि खाली मोटारीच्या टपावर आपटला.

"अरे माझी मोटार," भाई म्हणाले आणि धावले. तरट बाजूला करून त्यांनी टपावर हात फिरवून बघितला. पोचा आला होता, अंगठ्याएवढा. ते दोन्ही हातांनी तो चाचपत राहिले.

वर काशीराम एका कोपराने वाशाला लटकला होता. दोघांनी त्याला काखेत धरून वर ओढला. कोपराची साल निघाली होती. तो आड्यावर पालथा पडून राहिला आणि तिथूनच म्हणाला, "भाई, लय लागला नाय मां?" मोटारीला, असं त्याला म्हणायचं होतं.

सत्यवती चुलीपाशी उभी होती. तिने भाईंकडे बघितलं, वर नवऱ्याकडे बघितलं. गडी जेवून परत वर चढले तेव्हा ती टोपली आणि खुरपं घेऊन देवराईच्या बाजूला गेली. तिथलं मोठं वारूळ गेल्या साली कोसळलं होतं. त्याची टोपलीभर माती खणून तिने आणली, पाण्यात भिजवली आणि शेण घालून तुडवत बसली. तिचे पाय पोटऱ्यांपर्यंत तांबडे झाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी चिऱ्यांभोवती मातीची चूल उभी होती. दोन तोंडांची, मागे भांडं गरम ठेवायच्या वैलाची.

काशीरामने ती पाहिली. भाजलेल्या मिठाची पुरचुंडी रात्रभर कमरेला लावून तो जेमतेम उभा राहिला होता. "चार दिसांसाठी माती कित्या?"

"चिरे हलतत. टोप कलंडता."

"आणि वैल?"

"पिठी गरम ऱ्हवाक."

ती खोटं बोलते आहे हे त्याला कळलं, आणि त्याला ते कळलं हे तिलाही कळलं. त्याने सुंभाची वेटोळी खांद्यावर घेतली आणि शिडीपाशी गेला. त्या दिवशी त्याला शिडी दोनदा थांबून चढावी लागली. रिपा बांधल्या, वळचणीपासून नळे लावत वर आले. त्याचे हात रीतीने चालत होते, बाकीचा देह फक्त हातांच्या मागे मागे जात होता.

भाईंनी मातीची चूल पाहिली तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी पडली. पण छप्पर अर्धं उघडं होतं, दक्षिणेकडे ढग जमायला लागले होते आणि बावीस माणसं वर-खाली करत होती. ते मोटारीवरचं तरट सारखं करायला वळले.

चौथ्या दिवशी दुपारी आड्यावरचे नळे तेवढे राहिले. ते बसवायच्या आधी आड्याला नारळ द्यायची रीत होती. सगळे खाली उतरले. परशुराम हातात नारळ घेऊन मांगराच्या दारात उभा राहिला. भाई त्याच्या उजव्या हाताला, टोपी घालून. मालक म्हणून त्यांचा तो मान होता.

परशुरामने सगळ्यांवरून नजर फिरवली. मग चुलीकडे वळून विचारलं, "चूल कोणाची गो?"

बायकांनी अशा वेळी बोलायचं नसतं. सत्यवतीने काशीरामकडे बघितलं. तो मोटारीच्या मडगार्डाला टेकून जमिनीकडे बघत होता.

"आमची," ती म्हणाली. आवाज बारीक आला, पण सगळ्यांना ऐकू गेला.

परशुरामने डोळे मिटले. "बा म्हाराजा, बारा वाटांच्या धन्या, आज तुझ्या गावान हात लावन ह्यां छप्पर उभा केला..."

"व्हय म्हाराजा."

"हेच्या खाली तुझ्या लेकरान, काशीरामान आणि तेच्या बायलेन चूल पेटवल्यानी..."

"व्हय म्हाराजा."

"ती चूल पेटती ऱ्हवांदे, वारो-पाऊस आडोसून ऱ्हवांदे, तेंच्या अन्नाआड कोण येत, तेका तू बघून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

गाऱ्हाण्याला माणूस विचार करून होकार देत नाही. मानकऱ्याचा आवाज खाली उतरला की पोटातून 'व्हय म्हाराजा' वर येतंच, जन्मापासूनची सवय. भाईंचा आवाज तसा भरदार, आणि देवळातही ते पुढे उभे राहणारे. त्यामुळे तिन्ही वेळा सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांच्या वर त्यांचाच आवाज आला. तिसऱ्या 'म्हाराजा'वर त्यांचं तोंड उघडं राहिलं. नारळ फुटला. परशुरामने त्यांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला, आणि तो त्यांना खावा लागला.

उन्हं उतरली तेव्हा छप्पर पुरं झालं होतं. माणसं जेवून, हातपाय धुऊन आपापल्या घरी गेली. मांगरात नवीन माडाचा आणि ओल्या मातीचा वास भरला होता. काशीराम खाली गोणपाटावर कुशीवर पडला होता. पाठ मोटारीच्या चिऱ्यांना लावून ठेवली की जरा बरं वाटत होतं. सत्यवती टोप घासत होती. चुलीत निखारे होते.

भाई आले. त्यांच्या हातात पाण्याने भरलेला तांब्या होता. ते थोडा वेळ वर छपराकडे बघत उभे राहिले.

"बरां झाला," ते म्हणाले. "आता चूल इजव गो. काम झाला."

सत्यवती टोप घासत राहिली.

"ऐकलंस मां?"

"गावान नारळ फोडल्यान, भाई. मी कशी इजवू?"

भाईंनी तांब्या दुसऱ्या हातात घेतला. त्यांना स्वतःला पाणी ओतता आलं असतं, चूल चार पावलांवर होती. पण दुपारचं खोबरं अजून त्यांच्या दाढेत होतं. दुसऱ्याच्या चुलीवर पाणी घातलेला माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता, आणि तो आपण व्हावं असं त्यांना वाटेना. ते काशीरामकडे वळले.

"काशीराम, तू उठ. तुझी चूल तूच इजव. तुका मी चैत्रात सांगलंय, कूळ लागता. सांगूक नाय?"

"सांगलास," काशीराम म्हणाला.

त्याने हात टेकला आणि एक गुडघा जमिनीवर ठेवून बसता झाला. बसायलाच त्याला इतका वेळ लागला की भाईंनी नकळत हात पुढे केला. सत्यवतीने टोप खाली ठेवला. चौदा वर्षं हा माणूस नुसती मान डोलावत आला, आणि आताही डोलावणार, असं तिला वाटलं. मिरगाला सात दिवस होते आणि पडवीत भिंत घालायला सुरुवात झाली होती.

"दियात," काशीराम म्हणाला.

भाईंनी तांब्या त्याच्या हातात दिला. काशीरामने आत बघितलं, चुलीकडे बघितलं. मग मान मागे टाकली, तांब्या उंच धरला आणि पाणी पिऊ लागला. घोट घेताना त्याचा कंठमणी वर-खाली होत होता. अर्ध्यात थांबून त्याने श्वास घेतला आणि उरलेलं सगळं पिऊन टाकलं. रिकामा तांब्या पालथ्या हाताने पुसून त्याने परत दिला.

"तान लागलेली," तो म्हणाला. "सकाळपासून वर होतंय."

भाईंनी तांब्यात डोकावून बघितलं.

"कूळ लावशीत माका?" त्यांचा आवाज आता मालकासारखा नव्हता.

"माका कूळ-बीळ काय नको, भाई. माका पाठ टेकूक जागा होयी." काशीराम परत कुशीवर झाला. "आणि माका कित्या इचारतास? व्हय म्हाराजा तर पयलो तुमीच म्हटलास."

त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. खोच मारण्याइतका जीवच त्याच्यात उरला नव्हता, आणि त्यामुळे भाईंना रागावताही येईना. ते मोटारीपाशी गेले. टपावरच्या पोच्यावरून त्यांनी बोट फिरवलं, मग दाराची मूठ बाईने पदराने पुसावी तशी सोग्याने पुसली.

"मोटारीर धूर बसतलो," ते म्हणाले.

"रोज फडको मारीन," सत्यवती म्हणाली.

"काचांक नुसतो फडको चलाचो नाय. ओलो करूक होयो. मगे सुको."

"ओलो करीन. मगे सुको."

"पावसापुरता," भाई म्हणाले.

"पावसापुरता," ती म्हणाली.

ते गेले. पावसापुरतं म्हणजे किती, हे तिघांनाही ठाऊक होतं. सत्यवतीला आनंद झाला नाही. झाला असेल तर तो तिच्यापर्यंत पोचला नाही, मधे चार दिवसांचा शीण पडला होता. तिने निखारे राखेत झाकले, पडवीत झाकायची तसेच, आणि घासलेला टोप पालथा घातला.

सकाळी राख बाजूला केली तेव्हा निखारा जिवंत होता. पेज चढवून तिने जुन्या लुगड्याचा तुकडा फाडला, भिजवला आणि मोटारीची पुढची काच पुसायला घेतली. त्या मोटारीत ती जन्मात एकदाच बसली होती, माहेरी जाताना, मागच्या बाकावर, कारण पुढे गिऱ्हाईक होतं.

"वायच वरसून पूस," काशीराम पडल्या पडल्या म्हणाला. "डायवराच्या बाजूक."

"उठान तुमीच पुसा."

"कंबार."

ती मोटारीच्या पायरीवर चढली, टाचा उंचावल्या आणि वरचा कोपरा पुसला. मग खाली उतरून सुका फडका शोधू लागली.